बाहेरून काहीच बदललेलं नाही

सोमवार, ५ फेब्रुवारी

कंपनीच्या आरोग्यसेविकेनं माझा रक्तदाब मोजला, ओठ चावला आणि म्हणाली, "राग आत साठवू नकोस, तोरब्योर्ग. रोज थोडा लिहून काढ." म्हणून ही वही. खरं तर मला राग येतच नाही. मला किळस येते. पण त्यावर तिच्याकडे काही उपाय नसावा, म्हणून मी बोलले नाही.

आजच्यापुरतं लिहिते. ऑफिसात आता कुणालाच स्वतःचं टेबल नाही. सकाळी जो आधी पोचेल तो हवी ती जागा धरतो. एकवीस वर्षं मी ज्या खिडकीशी बसले, तिथे आज विक्रीतली एक बाई मोजे काढून बसली होती. कॉफीच्या यंत्रावर 'आपण एक कुटुंब आहोत' असा कागद लावलाय. तो आयविंडनं लावलाय. आयविंड आमचा नवा प्रमुख. मागच्या ऑक्टोबरात आला, त्याआधी तो जपान्यांना सामन मासा विकत होता. "मासे काय, माणसं काय, शेवटी पुरवठ्याची साखळी सांभाळायची असते," असं पहिल्याच दिवशी जेवताना म्हणाला. माझ्या डब्यातल्या तपकिरी चीजलाही मासळीचा वास यायला लागला.

आम्ही विकतो काय, तर म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावरची बटणं चालवणारा प्रोग्राम. किनाऱ्यावरच्या चौदा नगरपालिका तो वापरतात. घरात कुणी पडलं, बटण दाबलं, की मदत आली पाहिजे. त्याचा पाया एकवीस वर्षांपूर्वी मी एकटीनं घातला. आता त्यावर नऊ जण चढून बसलेत.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आयविंड खुर्ची ओढून शेजारी आला. त्याच्या हातात केळं होतं.

"तोरब्योर्ग, ते वारस वर्ग का काय म्हणता तुम्ही, मला एकदा साध्या भाषेत सांग ना. नगरपालिकेच्या लोकांसमोर बोलायचंय."

"तिसऱ्यांदा सांगतेय. एक मूळ वर्ग आहे, म्हणजे प्रोग्रामचा साचा, 'उपकरण' नावाचा. तो माझा. निरोप कसा पाठवायचा, लाइन तुटली तर रांगेत कसा ठेवायचा, हे सगळं त्याला येतं. नवं यंत्र आलं की त्याचा वारस वर्ग लिहायचा. वारसाला बापाचं सगळं आपसूक मिळतं. जेवढं वेगळं हवं, तेवढीच मेथड, म्हणजे त्या कामाची कृती, त्यानं आपल्यापुरती बदलून लिहायची."

"म्हणजे पोरगं बापाच्या घरात राहतं, पण स्वयंपाक स्वतःच्या आवडीचा करतं."

"हो. आणि बापाला त्याचा पत्ता नसतो."

"भारी! हे तू शोधलंस?"

"ओस्लोत दोघांनी शोधलं, साठेक वर्षांपूर्वी. आपल्याच देशात. शाळेत नाही शिकवलं तुला?"

"आमच्या शाळेत स्कीइंग शिकवायचे," असं म्हणून तो केळ्याची साल माझ्या टेबलावर ठेवून गेला. माझ्या म्हणजे आज मी जिथे बसले होते त्या.

वारस वर्गांविषयी माझं खरं मत त्याला सांगण्यात अर्थ नाही. वारस लिहिणारे सगळे आळशी असतात. बापानं काय लिहिलंय ते वाचत नाहीत. एखादी मेथड बदलतात, चाललं की टाळ्या वाजवतात. आपल्याकडे असे सतरा वारस आहेत आणि सतराही वाचवत नाहीत. त्यातल्या त्यात बरा म्हणजे सिग्वेचा 'मनगटपट्टा'.

सिग्वेबद्दल मला किळस वाटत नाही, ही नोंद करून ठेवते. सहा वर्षांपूर्वी कंत्राटावर आला, सुनमोरेकडचा, ओर्स्टाच्या बाजूचा. दिवसाला वीसेक शब्द बोलतो. मीच शिकवलं त्याला आमच्याकडचं सगळं. त्याची मुलगी ईडुन, दहा वर्षांची, एक आठवडा त्याच्याकडे असते आणि एक आठवडा आईकडे. ज्या आठवड्यात ती असते त्या आठवड्यात तो बरोबर चार वाजता उठतो, मग समोर राजा बसलेला असो.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

आज बऱ्याच दिवसांनी हात धुतल्यासारखं वाटतंय.

मूळ वर्गात 'सगळे कळव' नावाची माझी एक जुनी मेथड आहे. वादळात लाइन तुटली की निरोप रांगेत साचतात. लाइन आली की ही मेथड एकेक निरोप काढून तो आमच्या नोंदवहीत घालणाऱ्या 'कळव' या मेथडला हाक मारायची, पुन्हा पुढचा काढायचा, पुन्हा हाक. तीनशे निरोप असतील तर चाळीस सेकंद. एकवीस वर्षांपूर्वी ठीक होतं. आता ते बघून लाज वाटायची. आज मी मधली ती हाक काढून टाकली आणि अख्खी रांग एका दमात थेट नोंदवहीत उतरवली. तीन सेकंद! एकोणीस ओळी गेल्या.

मेथडचं नाव तेच, तिच्यात जायचं तेच, तिच्यातून यायचं तेच. बाहेरून काहीच बदललेलं नाही. माझ्या वर्गाच्या आत मी काय करते, हा माझा प्रश्न. सगळ्या चाचण्या हिरव्या आल्या, म्हणजे पास. सांगण्यासारखं काही नसल्यामुळे कुणाला सांगितलं नाही.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

वादळ. इथे ट्रॉन्हाइममध्ये नुसता पाऊस आडवा येत होता, पण किनाऱ्यावर मोबाइलचे दोन मनोरे गेले, सकाळी सहा दहा ते सात पन्नास. ऑफिसात सगळे खिडकीशी उभे राहून फोटो काढत होते. लाइन आल्यावर दोनशे सहा निरोप तीन सेकंदांत नोंदवहीत उतरले. मी स्वतः बघितलं. आयविंडनं माझ्या पाठीवर थाप मारली. मला पाठीवर थाप आवडत नाही, पण आज चालवून घेतली.

बुधवार, २८ फेब्रुवारी

काल सकाळी साडेसहाला एका नगरपालिकेत बोर्गहिल्ड नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई स्वयंपाकघरात पडल्या. खुबा मोडला. दुपारी तीनला घरी मदतीला येणारी बाई आली तेव्हा त्या टेबल आणि फ्रिजच्या मधे सापडल्या. साडेआठ तास. खुर्चीवर टाकलेलं भांडी पुसायचं फडकं ओढून त्यांनी पायांवर घेतलं होतं.

बटण त्यांनी अकरा वेळा दाबलं होतं. अकराही निरोप आमच्या नोंदवहीत व्यवस्थित आहेत, वेळेसकट. नर्सचा फोन मात्र एकदाही वाजला नाही. लाइन आल्यावर त्यांनी बटण दाबलंच नाही. त्याचा काही उपयोग नाही, असं त्यांना तोवर वाटलं असणार.

आज जेवले नाही.

शुक्रवार, १ मार्च

चौकशी आयविंडनं माझ्यावर सोपवली. "तुझ्याशिवाय आतलं कुणाला कळतंय?" हे मात्र खरं बोलला.

उलगडा व्हायला दोन तास लागले. मनगटपट्ट्याआधीच्या, घरात बसवलेल्या जुन्या पेट्यांच्या काळात नोंदवहीसमोर दिवसरात्र माणूस बसलेला असे, त्यामुळे नोंद झाली की काम झालं. पुढे नगरपालिकांनी तो माणूस काढला आणि नर्सच्या खिशात फोन दिला. म्हणून सिग्वेनं 'मनगटपट्टा' लिहिताना 'कळव' ही मेथड बदलून लिहिली: आधी नोंद कर, मग फोन वाजव. पण 'सगळे कळव' त्यानं बदललीच नाही! ती बापाची आहे तशी वापरली. 'सगळे कळव' आतून आपल्याच 'कळव'ला हाक मारणार, असं गृहीत धरून हा माणूस सहा वर्षं निवांत झोपला. मी असं वचन कधी दिलं होतं? माझ्या घरात मी जिना कुठून चढते यावर शेजाऱ्यानं आपलं छप्पर टेकवावं, तसलाच हा प्रकार. शिसारी आली.

दुपारी बैठक. सिग्वे कप दोन्ही हातांत धरून बसला होता. एकच प्रश्न विचारला त्यानं.

"मूळ वर्गात अलीकडे काही बदललं का?"

आयविंडनं माझ्याकडे पाहिलं.

"बाहेरून काहीच बदललेलं नाही," मी म्हणाले.

 सिग्वे कप उचलून बाहेर गेला. मला त्याचा तो प्रश्न अजिबात आवडला नाही. आपली चूक झाकायला बापाकडे बोट दाखवायचं, हे मी त्याला शिकवलेलं नाही.

पट्ट्याच्या वर्गात आज मी ठिगळ लावलं. फोन आता वाजतील.

बुधवार, ६ मार्च

अहवाल पूर्ण. अडीच पानं. मुख्य वाक्य असं: 'वारस वर्गाच्या लेखकानं मूळ वर्गाच्या आतल्या, कुठेही लिहून न दिलेल्या वागणुकीवर भिस्त ठेवली.' मला वाटतं, एकवीस वर्षांत मी लिहिलेलं हे सगळ्यात नेमकं वाक्य आहे. सोळा तारखेच्या साफसफाईचा उल्लेख केला नाही. नगरपालिकेच्या माणसांचा उगाच गोंधळ उडाला असता.

लेखकाचं नाव घालायचं की नाही, यावर थोडा विचार केला. आयविंड म्हणाला, "नाव नको, आपल्यात तसं करत नाहीत." मग स्वतःच म्हणाला, "पण त्यांनी विचारलं तर सांगावंच लागेल."

त्यांनी तासाभरात विचारलं.

शुक्रवार, ८ मार्च

हा दिवस लिहिताना हातालाही किळस येते.

आमच्याकडे पद्धत आहे. ज्याच्यामुळे काही मोडतं, त्यानं शुक्रवारी केक आणायचा. चाचण्या लाल झाल्या, केक. ग्राहकाचा फोन आला, केक. गंमत म्हणून सुरू झालेलं, आता कायदा झालाय. एक म्हातारी साडेआठ तास फरशीवर पडली आणि हे लोक सकाळपासून विचारतायत, "सिग्वे, केक कुठला?"

आणि त्यानं आणला. विकतचा नाही, घरी केलेला, बदामाचा, वर पिवळं क्रीम. ईडुननं मदत केली असावी, कारण एका कडेला क्रीम बोटानं सारखं केल्याचं दिसत होतं. आयविंडनं टाळ्या वाजवल्या. "बघा! चुका करायच्या, शिकायचं, गोड खायचं! हीच आपली संस्कृती!"

सिग्वेनं सगळ्यांना वाढलं. माझी बशीही पुढे केली.  केक चांगला होता. दोन तुकडे खाल्ले.

सोमवार, ११ मार्च

सिग्वेचं कंत्राट ३१ मार्चला संपतंय. दर वर्षी आपोआप वाढायचं. या वर्षी वाढणार नाही.

आयविंड म्हणाला, "काढलं असं नाही हं. फक्त पुढे चालू ठेवत नाही. नगरपालिकेला काहीतरी ठोस दाखवायला लागतं."

"त्याची मुलगी आहे इथे," मी म्हणाले.

"ट्रॉन्हाइममध्ये कामाला काय तोटा आहे?"

तोटा आहे. एकोणपन्नास वर्षांचा, वीस शब्द बोलणारा माणूस, मागे ही गोष्ट लागलेली. इथे काम मिळालं नाही तर त्याला ओर्स्टाला भावाकडे जावं लागेल, म्हणजे सात तासांची गाडी आणि मधे फेरीबोटी. मग कसला एक आठवडा आड? मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचीही किळस आली, कारण चूक तर त्याचीच आहे. बापाचं न वाचता वारस लिहिला की असं होतं. हे मी त्याला तेव्हाच बजावलं असणार. मी सगळ्यांनाच बजावते.

शुक्रवार, २२ मार्च

ईस्टरआधीचा शेवटचा दिवस. बारानंतर ऑफिस रिकामं. सगळे स्की गाडीच्या टपावर बांधून डोंगरात पळाले. मी मुद्दाम थांबले.

सहा वर्षांपूर्वी सिग्वेला बजावलेलं पत्र शोधायचं होतं. म्हणजे एकदा त्याच्यासमोर ठेवता आलं असतं की बाबा, हे बघ, तुला सांगितलं होतं. आणि मनातलं ते वाईट वाटणंही थांबलं असतं.

सापडलं. त्याचा प्रश्न होता: 'मनगटपट्ट्यासाठी "कळव" आणि "सगळे कळव" दोन्ही बदलून लिहू का? म्हणजे खात्री.'

खाली माझं उत्तर: 'नको. फक्त "कळव" बदल. "सगळे कळव"ला हात लावू नकोस, ते आतून "कळव"लाच हाक मारतं आणि तसंच मारत राहील. उगाच दोन ठिकाणी तेच लिहून घाण करू नकोस. एवढा विश्वास ठेव माझ्यावर. तोरब्योर्ग.'

चार वेळा वाचलं. त्यानं विचारलं होतं. त्याला बरोबर तेच करायचं होतं. मी नको म्हणाले, घाण म्हणाले, आणि सहा वर्षांनी माझं वचन मीच एका शुक्रवारी झाडून टाकलं आणि हात धुतल्यासारखं वाटतंय म्हणून याच वहीत लिहून ठेवलं.

सोळा तारखेचं पान आत्ता उघडून पाहिलं. माझंच अक्षर. ओकारी येते.

आज कुणाला फोन करण्यात अर्थ नाही. आयविंड विमानात आहे. ईस्टरात अख्ख्या देशात कुणी टपाल उघडत नाही. दोन एप्रिलला पहिलं काम हेच.

सोमवार, २५ मार्च

भाऊ आसगाइरच्या डोंगरातल्या घरी. ऊन, बर्फ, संत्री. सगळे उन्हात भिंतीला पाठ लावून बसलेत आणि चॉकलेट मोडून एकमेकांना देतायत. सुखी माणसांचं चॉकलेट चघळणं किती ओंगळ दिसतं ते जवळून पाहिलं.

घराशी रेंज नाही. टेकाडावर येते. दुपारी स्की लावून वर गेले. रेंज पूर्ण होती. फोनमधल्या यादीत सिग्वेचं नाव शोधलं. त्याला काय सांगायचं हे ठरलं नव्हतं. आयविंडशी आधी बोलल्याशिवाय त्याला उगाच आशा लावणं बरं नव्हे, असं वाटलं. शिवाय ईडुन त्याच्याकडे असेल, सुट्टीत कशाला त्रास?

हवामान पाहिलं आणि खाली आले. उद्याही ऊन आहे.

शनिवार, ३० मार्च

काही घडलं नाही. तीन दिवस झोप नाही. आसगाइर म्हणाला, "तुझं तोंड असं का झालंय? दूध नासलं का?" मी म्हणाले, हो.

मंगळवार, २ एप्रिल

नऊला आयविंडच्या खोलीत गेले. नाक उन्हानं सोललेलं, प्रसन्न. दोन्ही पत्रं, सोळा फेब्रुवारीचा बदल, सगळं छापून त्याच्यासमोर ठेवलं. न समजण्यासारखं त्यात काही उरू नये म्हणून बोटानं दाखवून सांगितलं.

"चूक माझी आहे. सिग्वेची नाही. त्यानं आधी विचारलं होतं, मी नको म्हणाले, मग मीच मोडलं. आणि अहवालात मी लपवलं."

त्यानं कागद पालथे ठेवले. मग उठून दार लावलं.

"हे बघ, अहवाल गेला. त्यांनी मान्य केला. विषय मिटलाय. आता तू म्हणतेस उकरून काढायचं. बाहेर काय दिसेल? की आमची सगळ्यात जुनी बाई आपल्याच कामाची चौकशी करते आणि चूक दुसऱ्यावर ढकलते?"

"तसंच झालंय."

"झालंय, पण दिसायला नको ना! एक गेलाच आहे. दोघांना कशाला बुडवायचं?" मग जरा हसून म्हणाला, "फार तर शुक्रवारी तू केक आण. बरं वाटेल तुला."

मला वाटलं होतं, त्याची किळस येईल. आली नाही. तो जे आत्ता म्हणत होता, ते मी महिनाभर स्वतःशी म्हणत होते, फक्त जास्त चांगल्या भाषेत.

बुधवार, ३ एप्रिल

नगरपालिकेला स्वतः पत्र लिहिलं. एक पान. माझं नाव, तारीख, काय मोडलं, काय लपवलं. 'बाहेरून' हा शब्द कुठेही वापरला नाही. प्रत आयविंडला, प्रत सिग्वेला. बोर्गहिल्डबाईंना वेगळं पत्र, टपालानं. त्यांना वर्ग, मेथड यातलं काय कळणार, म्हणून एवढंच लिहिलं की तुम्ही अकरा वेळा दाबलंत आणि तुमचं बरोबर होतं. आमच्याकडे ते पोचलं होतं. पुढे कुणाला कळणार नाही असं मी करून ठेवलं होतं, आणि ते मला माहीत नव्हतं.

 आयविंड दिवसभर माझ्या बाजूला फिरकला नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

नगरपालिकेनं चौकशी पुन्हा उघडली. आयविंडचा आवाज सकाळपासून पातळ झालाय. माझं काय करायचं ते ठरतंय. तोवर मूळ वर्गाला मी हात लावायचा नाही. बरोबर आहे. सिग्वेचं कंत्राट वाढवायला मात्र तो एका पायावर तयार झाला. त्यानं स्वतः फोन लावला, मला समोर बसवून, फोन स्पीकरवर टाकून.

"सिग्वे! आयविंड बोलतोय! चांगली बातमी! गैरसमज दूर झाला. सोमवारपासून ये परत."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"नाही जमणार," सिग्वे म्हणाला. "ओर्स्टाला फर्निचरच्या कारखान्यात काम घेतलं. गोदामात. सही केली."

"अरे, कधी?"

"सव्वीसला. त्यांना ईस्टरच्या आत उत्तर हवं होतं."

सव्वीस. पंचवीसला मी टेकाडावर उभी होते, हातात फोन, रेंज पूर्ण.

"सही काय, फिरवता येते!" आयविंड म्हणाला.

"ईडुनच्या आईशीही ठरलं. तिकडे कागद केलेत. दर तिसऱ्या शनिवार-रविवारी. आणि ही खोली दिली दुसऱ्याला." मग त्यानं विचारलं, "तोरब्योर्ग आहे का तिथे?"

"आहे," मी म्हणाले.

"पत्र मिळालं."

"सिग्वे, तू मूळ वर्गाचा इतिहास बघितला नव्हतास का? कुणी काय कधी बदललं, सगळं तिथे असतं."

"बघितला होता. त्याच दिवशी. तारीख, वेळ, तुझं नाव."

"मग बोलला का नाहीस?"

"विचारलं ना मी. बैठकीत." पुन्हा भांडी वाजली. "मला वाटलं तू सांगशील."

आयविंड मधेच काहीतरी समारोपाचं बोलला. मला ते ऐकू आलं नाही.

शनिवार, २० एप्रिल

सिग्वेचा निरोप आला होता, ऑफिसातल्या सगळ्यांना एकच: शनिवारी सामान हलवतोय, हात लागतील, पिझ्झा आहे. आपल्याकडे असा निरोप आला की माणसं जातात. न जाणं दिसतं. ऑफिसातून मी एकटी गेले. बाकीच्यांना काय दिसतं आणि काय नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली भाड्याची व्हॅन. त्यानं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे आणखी कुणी आहे का पाहिलं आणि हातमोजे दिले. दोन तास आम्ही खोकी उतरवली. "डावीकडे." "थांब." "टेकव." याखेरीज बोलणं नाही. ईडुन आईकडे होती. हा आठवडा खरं तर त्याचा होता, पण हे तिनं बघू नये असं त्यानं आणि तिच्या आईनं ठरवलं होतं.

शेवटी तिची खाट राहिली. पांढरी, लाकडी, डोक्याशी स्टिकर खरवडलेल्या खुणा. मला वाटलं इथेच सोडणार.

"ही पण?" मी विचारलं.

"हो. तिसऱ्या शनिवारी झोपेल कुठे?"

त्यानं डोक्याची बाजू धरली, मी पायाची. जिना अरुंद, वळणावर खाट तिरकी करावी लागत होती. तो खाली, मी वर. ओझं सगळं त्याच्याकडे जात होतं. घरून पाठ करून आणलेली वाक्यं मला तिथेच, दुसऱ्या मजल्याच्या वर, घशाशी आली.

"सिग्वे, मला तुझी माफी मागायची आहे."

"आत्ता नको," तो म्हणाला. "दोन्ही हात गुंतलेत."

दुसऱ्या मजल्यावर, दारांसमोरच्या मोकळ्या जागेत आम्ही खाट टेकवली. त्यानं हातमोजे काढले, घाम पुसला, भिंतीला टेकला.

"हं. आता सांग."

पाठ केलेलं काहीच आठवेना. मी म्हणाले, तू विचारलं होतंस आणि मी खोटं बोलले. मी म्हणाले, बावीस तारखेला मला सगळं कळलं होतं. पंचवीसला मी फोन हातात घेऊन उभी होते आणि केला नाही. तेव्हा केला असता तर तू सही केली नसतीस. हे पत्रात लिहिलेलं नव्हतं. हे त्याला माहीत नव्हतं.

 खाली कुणीतरी सायकल आत घेत होतं, तिची घंटी दोनदा वाजली. मला वाटलं आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पंचवीसला," तो म्हणाला.

"हो."

"पंचवीसला मी दिवसभर फोन खिशात ठेवून होतो." त्यानं हातमोजे पुन्हा चढवले, एकेक बोट नीट बसवत. मग वाकून आपली बाजू धरली.

"उचल," तो म्हणाला. "अजून दोन मजले आहेत."